पांढऱ्या ओळीत खोटं चालत नाही

बाई, गुरुवारी मी मुलांना सांगितलं की तुम्ही गावाला गेलात.

हे ऐकून तुम्ही चष्मा कपाळावर चढवला असता आणि काहीच बोलला नसतात. तुमचं ते न बोलणं मला फार जड जायचं. झापलंत तर निदान त्याचा किस्सा करून मी ठाण्यात, आमच्या नौपाड्यात चार जणांना सांगू शकायचो. गप्प बसलात की माझ्याकडे सांगण्यासारखं काही उरायचं नाही. आत्ता तसंच झालंय.

सोमवारी सकाळी कल्याणच्या दवाखान्यात तुम्ही... बघा, हात थांबला. 'गेलात' लिहिणार होतो. मग 'वारलात' सुचलं. मग 'आम्हाला सोडून निघून गेलात', जे आमच्या ज्येष्ठ नागरिक कट्ट्यावर दर महिन्याला कुणा ना कुणासाठी मीच फळ्यावर लिहितो. या एका गोष्टीला बगल द्यायला मराठीत किती वाटा आहेत, आणि मला त्या सगळ्या पाठ आहेत. तुम्हाला हवा असलेला एक शब्द तेवढा अजूनही सहज लिहिता येत नाही. आपलं भांडण त्याच शब्दावरून होतं, आणि ते मिटायच्या आत तुम्ही एकतर्फी निकाल लावून टाकलात.

दिवा स्टेशनजवळच्या त्या खोलीवर मी पहिल्यांदा आलो तेव्हा माझा तोरा काय होता! ठाण्याच्या कारखान्यात तीस वर्षं पाण्याच्या पंपाबरोबर येणारी माहितीपत्रकं मराठीत लिहिलेला माणूस. 'पंप कोरडा चालवू नये.' 'झाकण उघडण्यापूर्वी वीजपुरवठा बंद करावा.' सोपं मराठी लिहिण्यात आपला हात धरणारा अख्ख्या जिल्ह्यात नाही, अशी माझी समजूत. निवृत्त झाल्यावर घरात बसून सुनेला स्वयंपाकाच्या सूचना द्यायला लागलो, तेव्हा मुलानंच दिव्याचा रस्ता दाखवला. "बाबा, तिथे एक रिटायर्ड बाई मुलांना वाचायला शिकवतात. त्यांना माणूस हवाय." माणूस हवाय म्हणजे सतरंज्या अंथरायला हवाय, हे मला तिथं पोचल्यावर कळलं.

तुम्ही कल्याणहून यायचात, मी ठाण्याहून, आणि मधे दिवा. सोसायटीच्या ऑफिसची तळमजल्यावरची खोली, वर सात मजले, लिफ्टच्या जागी नुसता खड्डा. चौदा मुलं. तिसरीतला एक जण फाडफाड वाचायचा आणि पाचवीतली एक जण अक्षरं बोटानं चाचपायची. सगळ्यांना एकच पुस्तक चालेना, म्हणून तुम्ही कार्डं केली होती. कार्डाच्या डोक्यावर एक शब्द, खाली तीन रंगांच्या तीन ओळी. पांढऱ्या ओळीत दोन-तीन शब्दांचं वाक्य, नुकतं वाचायला लागलेल्यासाठी. पिवळ्या ओळीत त्याहून लांब. निळ्या ओळीत 'पण', 'म्हणून', 'कारण' घालून दोन गोष्टी जोडणारं. शब्द तोच राहायचा, मूल चढत जायचं. अर्थ कुठेही सांगायचा नाही. वाक्यातूनच तो मुलाच्या हाताला लागला पाहिजे.

आणि परीक्षा मुलाची नव्हती, कार्डाची होती. कार्ड वाचून मुलानं त्या शब्दाचं स्वतःचं वाक्य केलं, तर कार्ड पास. वाचलेलंच पोपटासारखं परत म्हटलं, तर नापास. मग तुम्ही कार्डाचा कोपरा दुमडायचात आणि ते बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचात. त्या डब्यावर पोरांनी खडूनं 'सर' असं लिहून ठेवलं होतं.

"अक्षर छान आहे तुमचं," पहिल्या दिवशी म्हणालात. मी फुललो. तेवढ्यात म्हणालात, "मजकूर मी बघते."

पण मी ऐकतोय कसला! 'धीर' या शब्दासाठी मी पांढरी ओळ लिहिली: 'धीर धरावा.' पिवळी: 'धीर धरावा, जोरात ओढू नये.' तुम्ही वाचलंत आणि विचारलंत, "हे पोरगं आहे का पंप?"

मग 'अंगण'. 'आजी अंगणात तुळशीला पाणी घालते.' हे वाक्य मला इतकं आवडलं होतं की मी ते दोनदा गिरवलं. तुम्ही कार्ड हातात धरून मुलांसमोर उभ्या राहिलात.

"अंगण कुठंय रे?"

मुलांनी दाराबाहेर बघितलं. बाहेर मोटरसायकली आणि पाण्याची निळी पिंपं.

"तुळस कुणाकडं आहे?"

तीन हात वर आले, त्यातला एक परत खाली गेला.

"आजी?"

"माझी आजी कामाला जाते," एक जण म्हणाला. "माझी पण," दुसरी म्हणाली.

तुम्ही माझ्याकडं वळलात. "अहो लेखक, तुमच्या अख्ख्या वाक्यात एक पाणी तेवढं खरंय, आणि ते पण इथं मिळत नाही."

'लेखक' हे नाव त्या दिवशी मला पडलं. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी त्याची कॉलर धरली असती.

पाण्याच्याच कार्डाचा किस्सा मी पुढे कुठंकुठं सांगितला, तुम्हाला माहीत आहे. मी लिहिलं होतं, 'नळ सोडला. पाणी आलं.' तेव्हा चौथीतल्या सानिकानं हात वर केला. सानिका म्हणजे दोन घट्ट वेण्या, आणि बोलताना समोरच्याच्या शर्टाच्या बटणाकडं बघायची सवय.

"सर, नळ सोडला की फुस्स होतं."

"आणि मग?"

"मग काहीच नाही होत."

तुम्ही माझी ओळ खोडलीत आणि दोनच शब्द लिहिलेत: 'पाणी आलं!' मला म्हणालात, "वाचा. नुसतं वाचू नका, आलंय असं वाचा." मी कॉलेजात नाटकात काम केलेला माणूस. दार उघडं होतं, जिना समोरच होता. मी पोटातून आवाज काढला, "पाणी आलंऽऽ!"

पहिल्या मजल्यावर भांड्यांचा आवाज झाला. मग दुसऱ्या. मग पळणारी पावलं. दोन मिनिटांत हंडे, बादल्या, एक पातेलं आणि पाचव्या मजल्यावरच्या वहिनी ओल्या केसांनी आपल्या वर्गाच्या दारात. "कुठाय पाणी?" त्यांनी विचारलं. मी कार्ड पुढं केलं. "इथं," मी म्हणालो. त्या जे बोलल्या ते कुठल्याच रंगाच्या ओळीत बसणारं नव्हतं. पाच मजले रिकामा हंडा घेऊन परत चढल्या बिचाऱ्या. तुम्ही भिंतीला टेकून डोळे पुसत होतात. हसू आवरल्यावर म्हणालात, "कार्ड पास. सगळ्या बिल्डिंगला अर्थ कळला."

त्या दिवशी सतरंज्या गुंडाळताना तुम्ही एक गोष्ट बोललात. तेव्हा मी निम्मं लक्ष दिलं होतं. "सोपं करायला गेलं की खोटं व्हायला लागतं, लेखक. मास्तर घसरतो तो तिथंच. निळ्या ओळीत थोडं इकडंतिकडं झालं तर पोरगं सांभाळून घेतं, तोवर ते मोठं झालेलं असतं. पांढऱ्या ओळीत खोटं चालत नाही. पोरगं आयुष्यात पहिल्यांदा वाचतंय, त्यात पहिलंच वाक्य खोटं?"

मग 'गाव' हा शब्द आला.

कार्ड साधं होतं, त्यात माझाही काही दोष नव्हता. मुलं आपापली वाक्यं करत होती. गावाला आंबे असतात, गावाला काका मारतो, असली. सानिकाची पाळी आली. ती माझ्या बटणाकडं बघत म्हणाली, "गावावरून फोन येत नाही."

मी हसलो. नुसता हसलो नाही, म्हणालो, "म्हणजे रेंज नसते!" मुलं पण हसली. ते वाक्य मी दोन दिवस खिशात घेऊन फिरलो. कट्ट्यावर सांगितलं. डॉक्टरकडं रांगेत बसून सांगितलं, तिथं एका बाईंना हसून खोकला लागला. मुलं काय भन्नाट बोलतात नाही, असं.

तिसऱ्या दिवशी तुम्ही मला बाहेर पिंपांपाशी नेलंत. सानिकाचे वडील बाळकुमच्या एका टॉवरला बाहेरून रंग द्यायचं काम करायचे, दोरावर लटकून. पाच महिन्यांपूर्वी दोर सुटला होता. पोरीला घरी सांगितलं होतं की पप्पा गावाला गेलेत. पाच महिने ती आईचा फोन घेऊन त्यांचा नंबर लावत होती. तो लागत नव्हता. त्यावरून तिनं 'गाव' या शब्दाचा अर्थ स्वतःचा स्वतः काढला होता. आपल्या कार्डाच्या नियमाप्रमाणे अगदी बरोबर काढला होता.

मला खोकणाऱ्या बाई आठवल्या.

आत आल्यावर तुम्ही एक कोरं कार्ड घेतलंत. तुमचं अक्षर म्हणजे मुंग्या, म्हणून शब्द लिहायचं काम नेहमी माझं असायचं. पण त्या दिवशी तुम्हीच लिहिलंत: 'मरणे'. आणि कार्ड माझ्याकडं सरकवलंत. "खालच्या तीन ओळी लिहा."

"हा शब्द नको," मी म्हणालो.

"का?"

"लहान आहेत हो. त्यांच्या कार्डांच्या खोक्यात असला शब्द..."

"त्यांच्या घरात आहे तो. खोक्यात आला तर काय होतंय?"

"मग जरा वेगळं लिहू. 'देवाघरी गेले' वगैरे."

"आमच्यात देवाघर नाही," तुम्ही म्हणालात. तुमच्या पिशवीत पंचशीलाची वही असायची, ती मला दिसत होती. "तुमच्यात आहे ना? मग पत्ता द्या. सानिका तिथं फोन लावेल."

"तारा झाले म्हणू."

"म्हणजे पोरगी गच्चीवर जाऊन बसेल. उंचावरून पडलेला एक माणूस पुरे झाला त्या घराला."

असं तुम्ही बोलायचात. माझं डोकं फिरलं. "तुम्हाला क्रूर व्हायची हौस आहे बाई," मी म्हणालो. हे वाक्य मी तुम्हाला खरोखर बोललो. त्याबद्दल मी कधी माफी मागितली नाही, आणि तुम्ही कधी त्याची आठवण काढली नाहीत.

तुम्ही तिच्या आईशी बोललात. दोन वेळा तिच्या घरी जाऊन आलात. आणि एका दुपारी बाकीची मुलं गेल्यावर आई आणि सानिका दोघींना समोर बसवलंत. मी सतरंजी झटकायच्या निमित्तानं बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिलो. ती सतरंजी इतकी स्वच्छ पुन्हा कधी झाली नाही.

तुमचा आवाज आला. "सानिका, पप्पा मेले. ते गावाला नाहीत. ते परत येणार नाहीत."

आई हुंदके देत होती, ते ऐकू आलं. आणि मग सानिका, "त्यांना भूक लागत असेल का?"

"नाही. मेल्यावर भूक लागत नाही. दुखत पण नाही."

"पडल्यावर दुखलं?"

"दुखलं असेल. मग थांबलं."

मी असतो तर 'नाही गं, अजिबात नाही' असं म्हणालो असतो. तुम्ही म्हणाला नाहीत. मला वाटलं, आता ही पोरगी इथं पाऊल ठेवणार नाही. ती दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी आली आणि सतरंज्या तिनं घातल्या.

तरीही मी ते कार्ड लिहिलं नाही. माझा मुद्दा असा होता की सानिकाची गोष्ट वेगळी, बाकीच्या तेरा जणांना काय गरज? तुमचा मुद्दा असा होता की पुढची पाळी कुणाची ते आपल्याला कळवून येत नाही. मग वर्षभर आपला एक खेळ चालला. खोक्यात ते कार्ड मी मागं सरकवून ठेवायचो. दुसऱ्या दिवशी ते सगळ्यांत पुढं असायचं. वर तुमच्या मुंग्यांतला एक शब्द, खाली पांढरी, पिवळी, निळी, तिन्ही ओळी कोऱ्या. आपण दोघंही त्याबद्दल अवाक्षर काढायचो नाही. मी त्याला थट्टा समजत होतो.

मग तुम्ही आजारी पडलात. दोन महिने मी एकट्यानं वर्ग घेतला आणि आठवड्यातून एकदा नवी कार्डं घेऊन कल्याणला यायचो. हाताला सुई लावलेली, ओठ फाटलेले, आणि तुम्ही कार्डं वाचायचात. एकदा 'मदत' या शब्दाचं माझं कार्ड हातात धरून बराच वेळ गप्प होतात. मला वाटलं, झोप लागली. तर दुसरा हात हळूहळू वर आला आणि कोपरा दुमडला. पलीकडच्या खाटेवरच्या आजींनी विचारलं, "नापास का?" तुम्ही मान हलवलीत. मला इतका आनंद झाला होता त्या दिवशी. वाटलं, कोपरा दुमडतायत म्हणजे बऱ्या होतायत.

शेवटच्या खेपेला तुम्ही विचारलंत, "ते कार्ड?"

"कुठलं?"

"नाटक नका करू."

"सवड नाही झाली."

तुम्ही हसलात. दात तेवढेच मोठे राहिले होते चेहऱ्यावर. "आता सोपं झालंय की, लेखक. उदाहरणाला माणूस शोधायला नको. मी आहे."

"काहीतरीच काय बोलता! पुढच्या महिन्यात तुम्ही स्वतः दिव्याला येऊन..."

"हे पांढऱ्या ओळीत चालेल का?"

मी काय केलं बाई, तुम्हाला माहीत आहे. सलाइनच्या स्टँडवर एक कागद चिकटवला होता, तो मी मोठ्यानं वाचला. 'स्टँड हलविण्यापूर्वी चाके मोकळी असल्याची खात्री करावी.' आणि त्यातल्या मराठीवर टीका करायला लागलो. 'मोकळी असल्याची खात्री' म्हणजे काय, साधं 'आधी चाकं सोडा' म्हणा की. पाच मिनिटं बोललो मी. तुम्ही डोळे मिटून घेतलेत. आपलं शेवटचं बोलणं ते. स्टँडच्या चाकांवर.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. मी तुमच्याशी पावणेतीन वर्षं अखंड बडबडलो, त्यात ही एक सोडून सगळं सांगितलं. मला एक धाकटा भाऊ होता, बाळू. मी आठ वर्षांचा, तो पाच. त्याला ताप आला, दवाखान्यात नेलं, आणि मला सांगितलं की त्याला पनवेलला मावशीकडं ठेवलंय. मी विश्वास ठेवला. गोट्या जिंकल्या की त्याच्या वाटणीच्या वेगळ्या ठेवायचो, एका मोज्यात. दोन वर्षं ठेवल्या. मग एक दिवस त्याचा चौकड्याचा शर्ट शेजारच्या मुलाच्या अंगात दिसला आणि मी त्या गोट्या माझ्या गोट्यांत मिसळल्या. बस. कुणी मला काही सांगितलं नाही, मी कुणाला काही विचारलं नाही.

तुम्ही क्रूर नव्हतात. मी त्या दोन वर्षांची बाजू मांडत होतो. तो मोजा भरत होता तोवर भाऊ होता ना मला. सानिकाला तेवढं तरी मिळू द्या, असं मला म्हणायचं होतं. आणि तुम्ही काय म्हणाला असतात तेही मला माहीत आहे. म्हणाला असतात, "आणि नंतरची पंचावन्न वर्षं, लेखक?" बाळू मेला, हे मला आजपर्यंत कुणीच सांगितलेलं नाही. हे आत्ता मीच लिहिलं. आमच्या घरात हे वाक्य पहिल्यांदाच लिहिलं गेलं.

सोमवारी संध्याकाळी तुमचे सगळे लोक पांढऱ्या कपड्यांत उभे राहून वंदना म्हणत होते, मी नौपाड्याचा माणूस, ओठ हलवत होतो. तुमचा नितीन जवळ आला. "काका, दिव्याच्या मुलांना तुम्ही सांगाल ना? आई म्हणाली होती, लेखक सांगतील." मी म्हटलं, "अर्थात."

गुरुवारी गेलो. चौदाही जण होते. सानिका आता पाचवीत, ती धाकट्यांची कार्डं वाटत होती. सहा वर्षांच्या ओमनं विचारलं, "सर, बाई कधी येणार?"

"बाई गावाला गेल्यात," मी म्हणालो.

तोंडातून निघून गेलं, बाई. पासष्टी उलटलेला माणूस मी, चौदा मुलांसमोर, तेच वाक्य. एकदा सुरू झाल्यावर मला थांबता पण येईना. "कुठल्या गावाला?" "कल्याणच्या पुढं." "आंबे आहेत का तिकडं?" "आहेत." "कधी येणार?" "बघू."

सानिकाच्या हातातली कार्डं तशीच राहिली. तिनं माझ्या बटणाकडं बघितलं नाही. पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं.

"सर, तिकडं फोन लागतो?"

"रेंज नसते," मी म्हणालो, आणि पोटात दुखतंय सांगून वर्ग सोडला.

शुक्रवारभर मी ते कार्ड समोर घेऊन बसलो होतो. सूनबाई दोनदा चहा ठेवून गेल्या, दोन्ही कप गार झाले. तीस वर्षांत किती वाक्यं लिहिली असतील मी, पण दोन शब्दांचं एक वाक्य लिहायला मला सकाळचे दहा ते दुपारचे चार लागले. मग पिवळं लिहिलं. निळं काही केल्या येईना. 'कारण' पुढं काय लिहू? 'म्हणून' पुढं काय लिहू? सुचलं ते सगळं कट्ट्यावरच्या फळ्यासारखं होतं. ती ओळ कोरी ठेवली.

शनिवारी मुलं बसली. मी म्हणालो, "नवीन कार्ड आहे." कार्ड दोन्ही हातांनी धरलं. पांढरी ओळ वाचायला नेहमी ओम पुढं येतो, तो आला. अक्षरावर बोट ठेवत, जोडत जोडत त्यानं वाचलं.

"बाई... मेल्या."

वाचून झाल्यावर त्यानं नेहमीप्रमाणे माझ्याकडं बघितलं, बरोबर वाचलं का म्हणून. मी मान हलवली. बरोबर वाचलं होतं. मग त्याला कळलं त्यानं काय वाचलं.

पिवळी ओळ मीच वाचली. 'बाई खूप आजारी होत्या, सोमवारी त्या मेल्या, आणि आता त्या परत येणार नाहीत.' मागच्या बाजूला कुणीतरी रडायला लागलं. कुणी तरी म्हणालं, "पण सर, तुम्ही तर बोललेले..." आणि तिथंच थांबलं. मी काहीतरी समजुतीचं बोलायला तोंड उघडलं, पण त्याच्या आत ओमनं विचारलं, "बाईंना भूक लागली तर?"

मी उत्तर द्यायच्या आत सानिका त्याच्या शेजारी जाऊन बसली होती.

"मेल्यावर भूक नाही लागत," ती म्हणाली. "दुखत पण नाही." तुमचाच आवाज, बाई. तो थंडपणा सुद्धा तुमचाच, ज्याला मी क्रूर म्हणालो होतो. ओम तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. मी खुर्चीवर बसून होतो. मला कुणाची मांडी नव्हती.

थोड्या वेळानं नियम आठवला. कार्ड वाचून झालं की शब्द मुलांना द्यायचा. मला ते करायची हिंमत नव्हती, पण तुमच्या कार्डाला परीक्षेतून सूट दिली असती तर तुम्ही मला कधीच क्षमा केली नसतीत. "आता स्वतःचं वाक्य," मी म्हणालो. "कुणाला करायचं असेल तर. नसेल तर राहू दे."

कुणीच हात वर केला नाही. सानिकानंही केला नाही. ती बसल्या जागेवरून, ओमच्या केसांतून बोटं फिरवत, बटणाकडं न बघता म्हणाली,

"बाई मेल्या, म्हणून सर खोटं बोलले."

निळी ओळ होती ती. 'म्हणून' घालून केलेली. मला दिवसभर बसून जमली नव्हती.

पेन काढून मी ती तिथंच लिहिली, मुलांसमोर, शब्द न बदलता. अक्षर वाईट आलं, तुमच्यासारखं. पाचवीतल्या एकानं खात्री करायला विचारलं, "सर, पास का?" मी कोपरा अंगठ्यानं चाचपला आणि सरळ ठेवला. मग कार्ड खोक्यात टाकलं, सगळ्यांत पुढं. मागं सरकवलं नाही.